हवालदाराच्या अंगठ्याची दोरी

आमच्या गल्लीतला हवालदार पोलीस नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण नव्या माणसाची फसगत ठरलेली. एकदा एक बाई सायकल चोरीला गेली म्हणून डोळे पुसत त्याच्या गॅरेजात आल्या. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली, सायकलचा रंग विचारला, घंटी होती का तेही विचारलं आणि मग म्हणाला, "बाई, माझं खातं हवेचं. चोरीचं खातं चौकाच्या पलीकडे."

हवेचं खातं म्हणजे मोठमोठ्या ट्रकांच्या गिअरमधली हवा काढणं. हवा काढतो म्हणून हवालदार. माणूस पन्नाशीचा, अंगानं बारीक, ट्रकखाली सरपटून सरपटून पाठीवरचे सगळे शर्ट विटलेले. सुरुवातीची दहा वर्षं त्यानं टायरमध्ये हवा भरायचं काम केलं आणि पुढची वीस वर्षं पाइपांतून ती काढायचं. "भरली त्याच्या दुप्पट काढली," असं तो छाती फुगवून सांगतो. बुडबुड्यांचा त्याला एवढा तिटकारा की सोडा पीत नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली हलवली तर वरचा फेस बसेपर्यंत चमचा पुढे करत नाही, मग तोवर खोकला आपोआप गेला तरी चालेल. पोरांच्या वाढदिवसाला गेला तर फुग्यांकडे पाठ करून बसतो.

माझं सलून त्याच्या गॅरेजच्या अगदी समोर. मधला रस्ता इतका अरुंद, की तो शिंकला तर माझ्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस थरथरतो. माझ्या मोठ्या आरशात त्याचं अख्खं गॅरेज दिसतं, फक्त उलटं. इतकी वर्षं आरशात बघून तो डावखुरा आहे असं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. समोर आला की मी हटकून चुकीच्या हाताकडे चहाचा कप धरतो.

त्याचं काम त्यानं मला इतक्या वेळा समजावलंय, की आता मी ते झोपेत सांगेन. साध्या गाडीत गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळई असते. त्याच्याकडे येतात त्या ट्रकांत सळई नसते, बारीक पाइप असतात आणि पाइपांत तेल. वर ड्रायव्हरनं दांडा ढकलला की तेल सरकतं, आणि खाली ते तेल गिअर टाकतं. तेल दबत नाही म्हणून हे सगळं चालतं. पण पाइपात हवा शिरली तर ती दबते. मग दांडा लागतो असा, जसा फेसाच्या वाटीत ब्रश. वर ड्रायव्हर ढकलून ढकलून घामाघूम, आणि खाली गिअरबॉक्सला पत्ताच नाही.

ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर केबिनमध्ये, एक खाली ट्रकच्या पोटाशी. वरच्यानं दांडा ढकलून घट्ट धरायचा. खालच्यानं गिअरबॉक्सवरचा छोटा नट सैल करायचा. त्याला लावलेल्या काचेसारख्या नळीतून बुडबुडे बाटलीत येतात. खालच्यानं नट आवळला की मग, आणि मगच, वरच्यानं दांडा सोडायचा. आधी सोडला तर बाहेर आलेली हवा सुळकन परत आत. बुडबुडे संपेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा.

एकोणीस वर्षं वर बसायचा तो हवालदाराचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला दोन गोष्टींचा अभिमान होता, उजवा दंड आणि मिशी. दोघांचं जमलेलं असं, की हवालदार खालून "हं" म्हणायचा तेव्हा मेहुणा ढकलायचा आणि "हंहं" म्हटलं की सोडायचा. दिवसभर समोरून नुसतं हं, हंहं. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, गॅरेजात कुणाची दाढ दुखतेय.

मग एका संध्याकाळी कुणीतरी हवालदाराला सहज विचारलं, "हे वर बसतात ते काय करतात?" आणि हवालदार बोलून गेला, "काही नाही, नुसता दांडा हलवतो. तिथे कुणीही बसवा."

मेहुणा केबिनमध्येच होता. काच उघडी होती. तो खाली उतरला, हात पुसले, फडकं घडी घालून जागेवर ठेवलं आणि म्हणाला, "मग बसवा कुणालाही, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो माझ्या खुर्चीत येऊन बसला. "दाढी," म्हणाला. नजर आरशातल्या गॅरेजवर. दाढी झाली. "आता डोक्याला तेल." तेल चोळलं. "आता जरा केस कमी कर." मी ओळखलं. हा रुसलेला माणूस आहे आणि त्याला बसायला जागा हवी आहे. असा माणूस किती वेळ बसेल आणि त्याच्या डोक्यावर किती केस आहेत, याचा अंदाज घेत मी कात्री अगदी हळू चालवू लागलो.

साडेनऊच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी गोंगाट ऐकू आला. एखादी सभा उधळल्यावर सगळे एकदम बोलायला लागतात ना, तसा. मागून एक प्रचंड ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत आत आला आणि हवालदाराच्या दारात थांबला. ट्रकवर जाळीच्या पेट्या, आणि पेट्यांत बाराशे बदकं.

ड्रायव्हर सहा फुटांच्या वर, खांदे दारात मावेनात, पण आवाज मांजराच्या पिल्लासारखा. "काल रस्त्यात पाइप फुटला," तो म्हणाला. "तिथल्या माणसानं नवा घातला, तेव्हापासून दांडा लुळा. एक दुसरा गिअर सोडला तर काही लागत नाही. बारापर्यंत तळ्यावर पोचायचंय हो. गाडी पळत असली की वारा लागतो. उभी राहिली की माझ्या मंडळींना उकडतं." मंडळी म्हणजे बदकं.

हवालदारानं एकदा माझ्या दुकानाकडे पाहिलं. मेहुण्यानं डोळे मिटून घेतले. मग हवालदार ड्रायव्हरलाच म्हणाला, "चढा वर. मी सांगितलं की दांडा पुढे ढकलायचा, धरून ठेवायचा, मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. काही अवघड नाही." शेवटचं वाक्य त्यानं रस्त्याच्या या बाजूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं.

ड्रायव्हर ढकलायचा बरोबर. पण मागे बदकांनी जरा जास्त आवाज केला की "काय झालं रे?" करत वळायचा आणि दांडा हातातून निसटायचा. खालून हवालदार ओरडायचा. हवा परत आत. असं चारदा झालं. पाचव्यांदा तर ड्रायव्हर पाठीमागच्या काचेतून बदकांची समजूत काढायला लागला, दोन्ही हातांनी.

माझ्या खुर्चीत मेहुणा गालातल्या गालात हसला. "मिशी जरा कोरून दे," म्हणाला.

तेवढ्यात सासूबाई डबा घेऊन आल्या. म्हणजे हवालदाराच्या सासूबाई आणि मेहुण्याची आई. हवालदाराची बायको लाँड्रीत कामाला जाते, म्हणून डबा त्यांच्याकडे. वय सत्तरीला टेकलेलं, अंग काटक, चष्मा जाड. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या. सात जणांचं एकाच वेळी ऐकून आठव्याला "थांबा" म्हणायची सवय अजून गेलेली नाही.

या सासू-जावयाची एक गंमत सांगायला हवी. हवालदाराच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दोघं एकमेकांशी थेट बोललेले नव्हते. भांडण अजिबात नाही, उलट आदर फार. लग्नानंतर पहिल्या भेटीत हवालदाराला काय हाक मारावी ते सुचलं नाही, म्हणून तो हवेतच बोलला, "चहा घेतला जाईल का?" आणि तीच पद्धत पडून गेली. त्यांनाही "जावईबापू" म्हणायला संकोच. त्या जवळ जो असेल त्याला मध्ये घालायच्या. कुणी नसेल तर भिंतीला सांगायच्या.

"यांना म्हणावं, डबा आणलाय," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"डबा आणलाय," ड्रायव्हर केबिनमधून उतरून ट्रकखाली वाकून म्हणाला.

"आज डबा लवकर आलेला दिसतो," हवालदार गिअरबॉक्सला म्हणाला.

"आणि विचारावं, अडलंय कुठे."

ड्रायव्हरनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "धरून ठेवायचं आणि सांगितल्यावर सोडायचं, एवढंच ना? बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि कुणी नको म्हणायच्या आत त्या केबिनमध्ये होत्या.

मी वस्तरा मिशीच्या कडेला लावलेला होता. मेहुणा आरशात बघत होता. "ती आई आहे का?" तो म्हणाला.

"मान हलवू नको."

"अरे, ती आई आहे!" म्हणत तो सर्रकन वळला.

उजवी अर्धी मिशी माझ्या वस्तऱ्यावर राहिली.

मी वस्तऱ्याकडे बघतोय, तो आरशाकडे. "दुसरी बाजू पण काढू का?" मी विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी वस्तरा पाण्यात बुडवून ठेवला. तोंडावर नॅपकीन धरून तो तसाच बसला, चादर गळ्याभोवती. बाहेर जाता येईना आणि बघितल्याशिवाय राहवेना.

समोर काम सुरू झालं.

"दांडा पुढे ढकलला जावा!" हवालदार खालून ओरडला.

"काय?" वर बदकांच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार.

"ढकलला... जावा!"

"जाऊ? कुठे जाऊ? आत्ता तर चढले!"

"नाही, जायचं नाही! दांडा! धरला जावा!"

"यांना म्हणावं, एकदा काय ते ठरवा!" सासूबाई खिडकीतून ड्रायव्हरला म्हणाल्या. मग त्यांनी मिनिटभर विचार केला आणि सूत्रं हातात घेतली. "पेट्या बांधायची दोरी आहे ना तुमच्याकडे? एक टोक माझ्या मनगटाला बांधा. दुसरं यांच्या पायाच्या अंगठ्याला. यांचे हात कामात असतात, पाय मोकळेच आहेत. यांनी एकदा ओढलं की मी ढकलणार. ढकललं की मी एकदा ओढणार. यांनी दोनदा ओढलं की मी सोडणार. लाइन साफ पाहिजे."

ड्रायव्हरनं हवालदाराचा बूट काढला, मोजा काढला आणि अंगठ्याला अशी गाठ मारली, की पेटी असती तर वादळातही सुटली नसती. दोरी ट्रकखालून निघून दरवाज्याच्या फटीतून वर गेली.

आणि सांगतो, काम झक्कास चाललं. अंगठा हलायचा, सासूबाईंचं कोपर पुढे जायचं, दोरीला हिसका बसायचा, खालून "आई गं!" ऐकू यायचं, बुडबुडे बाटलीत उतरायचे. अंगठा दोनदा हलायचा, कोपर मागे. फोनची तार खेचायची सवय असलेल्या बाईचा हिसका तो, अंगठा टोमॅटोसारखा झाला. पण दांडा घट्ट व्हायला लागला होता. मेहुणा नॅपकिनच्या आतून हलक्या आवाजात आकडे मोजत होता. मला वाटलं, राग गिळतोय.

आता ड्रायव्हरला रिकामं उभं राहवेना. बदकांना पाणी पाजावं म्हणून त्यानं एक पेटी खाली घेतली, झाकण उघडलं, आणि एक बदक बाहेर पडलं. पांढरं, जाडजूड, चालायला एकदम ऐटबाज. ते ट्रकखाली गेलं. तिथे त्याला जमिनीलगत एक दोरी वळवळताना दिसली. बदकाला दोरी आणि गांडूळ यांतला फरक कोण सांगणार? त्यानं ती चोचीत धरली आणि ओढली. नाही आली. पुन्हा ओढली.

म्हणजे दोनदा.

सासूबाईंनी इमानदारीत दांडा सोडला. खाली नट उघडा होता. बाटलीतले बुडबुडे गुडगुड करत नळीतून वर चढले, नळी निसटली आणि तेलाची पिचकारी हवालदाराच्या तोंडावर. तेल डोळ्यांत, बदक पोटावर, अंगठा दोरीत. आणि त्या भरात तो ओरडला, "आई! अहो आई, सोडू नका! धरा! धरून ठेवा!"

गल्ली चिडीचूप. बाराशे बदकं, पण एक बोलेना. मी कात्री हातात धरून उभा. मेहुण्याच्या तोंडावरचा नॅपकीन खाली पडला.

सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आजूबाजूला निरोप सांगायला कुणी आहे का ते पाहिलं. ड्रायव्हर बदकामागे ट्रकखाली गेलेला. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "धरलंय. आणि हळू बोला, मला ऐकू येतं."

दोरी सोडून टाकली. पुढचं सगळं तोंडानं झालं.

"ढकला."

"ढकललं."

"सोडा."

"सोडलं."

एक्स्चेंजची पद्धत ती. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे चुकायला जागा नाही. हवालदाराचा आवाज सुरुवातीला जरा कापत होता. चार वेळा झाल्यावर नीट झाला. मी आपला उगाच मेहुण्याच्या मानेवरचे केस झटकत बघत राहिलो.

मेहुणा मोजतच होता. "नऊ... दहा..." अकरावर तो ताठ झाला. "भाऊजींनी टाकी भरायला सांगितली का रे?"

"कसली टाकी?"

"दांड्याच्या बुंध्याशी असते, तेलाची. मुठीएवढी. दर बारा वेळा ढकललं की रिकामी होते. रिकामी झाली की वरूनच हवा आत!" आणि तो उठला. गळ्याला माझी चादर, अर्ध्या डोक्याचे केस कापलेले, मिशी फक्त डाव्या बाजूला. तसाच धावत रस्ता ओलांडून केबिनमध्ये चढला. मी मागून चादरीसाठी ओरडलो, पण ती पंखासारखी फडफडत गेली होती. ट्रकखालचं बदक ते बघून घाबरलं आणि आपण होऊन पेटीत जाऊन बसलं.

"बाजूला हो आई," तो म्हणाला आणि डब्यातून टाकीत तेल ओतू लागला.

"तुझी मिशी कुठे गेली?" सासूबाई म्हणाल्या.

"नंतर सांगतो."

खालून हवालदार म्हणाला, "वर कोण आलं?"

"कुणीही," मेहुणा म्हणाला. "टाकी भरतोय."

खाली पाना ठणकन पडला. मग आवाज आला, "टाकी भरावी लागते होय?"

"मग तुम्हाला काय वाटलं, एकोणीस वर्षं ती आपोआप भरत होती?"

"मला वाटलं, मोठी असेल."

मेहुणा हसायला लागला. सासूबाईंनी आधी जरा आवरलं, मग त्याही. ट्रकखालून खोकल्यासारखा एक आवाज आला. हवालदार तसाच हसतो. त्यानं "चुकलो" असं म्हटलं नाही, ते मी कानानं ऐकलंय. पण त्यानं "हं" म्हटलं, आणि मेहुण्यानं आईच्या हातावर हात ठेवून दांडा ढकलला. पुढची सात-आठ वेळा दोघांनी मिळून ढकलला. नळीत शेवटचा एक बुडबुडा आला, टाचणीच्या डोक्याएवढा. हवालदारानं तो जाईपर्यंत श्वास धरून ठेवला. मग नुसतं स्वच्छ तेल.

दांडा आता असा घट्ट लागत होता की हातानं टकटक करावं. ड्रायव्हरनं चढून इंजिन सुरू केलं. पहिला पडला, दुसरा पडला, मागचा पडला. तो मांजराच्या आवाजात "वा, वा" करत राहिला. अकराला दहा मिनिटं होती.

"उतर आई," मेहुणा म्हणाला.

"का म्हणून? एवढा वेळ ढकलला, तो चालतो कसा ते बघू तरी. ड्रायव्हरसाहेबांनी मला घरी सोडावं, घर वाटेतच आहे." आणि ड्रायव्हरकडे वळून, "पहिला टाका."

ट्रक गल्लीतून बाहेर पडला. वळणावर भोंगा वाजला, लांबलचक. ड्रायव्हर असा भोंगा वाजवणाऱ्यातला नव्हता. एका पायात बूट घातलेला हवालदार हात वर करून आम्हाला गप्प राहा म्हणत रस्त्याच्या मधोमध उभा होता. "तिसरा," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "चौथा. किती अलगद पडला."

मी मेहुण्याला खुर्चीत बसवलं, राहिलेले केस कापले आणि डावी मिशीही काढली. त्यानं डोळे उघडेपर्यंत मी आरशासमोर उभा राहिलो.

एक वाजता हवालदाराची बायको धावत आली. आई घरी नव्हती. हवालदाराचा चेहरा पडला. फोन लावला तर सासूबाईंचा फोन डब्याच्या पिशवीत, गॅरेजातच वाजत होता. तीन वाजेपर्यंत आम्ही चौघं दारात उभे. बायको एकदा नवऱ्याला बोलायची, एकदा भावाला, आणि मध्येच भावाच्या तोंडाकडे बघून तिचं वाक्य तुटायचं.

साडेतीनला एका दूधवाल्याच्या टेम्पोतून सासूबाई उतरल्या. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, चष्म्यावर एक पांढरं पीस.

"घर आलं तेव्हा चौथा गिअर होता," त्या म्हणाल्या. "चौथ्यात असताना कशाला थांबवायचं? म्हटलं तळ्यापर्यंत जाऊ. त्यानं मला पेट्या उघडू दिल्या."

मुलगी काही बोलणार, तेवढ्यात त्या गॅरेजातल्या पालथ्या टायरवर टेकल्या आणि पाय पुसता पुसता सांगू लागल्या, "मला वाटायचं, बदकं पाणी दिसलं की उड्या मारत असतील. तसं नाही हो. आधी सगळी काठावर उभी राहतात आणि बोलत बसतात. कोण आधी जाणार, त्यावरच चर्चा. बाराशे जणांची. अर्धा तास."

हवालदार दुसरा बूट हातात घेऊन उभा होता. सुजलेला अंगठा आत जाईना. तो सासूबाईंच्या समोरच जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मग?"

"मग काय, एकाचा पाय घसरला," त्या म्हणाल्या.